अकरावी बुट्टी कुठून आली?

गोवंडीतून बोलतोय. खिडकी लावलीय, तरी मागे हार्बरची लोकल ऐकू येईल, सांभाळून घ्या.

आमच्या शेजारच्या चाचांचा शिवाजीनगरात जरीकामाचा छोटा कारखाना आहे. दुपट्ट्याच्या काठाचा खाका, म्हणजे नक्षीवर भोकं पाडलेला कागद, ते हातानेच आखायचे. मी म्हटलं, "चाचा, पायथनमध्ये करून देतो ना." एक मीटरचा तुकडा, दर 10 सेंटिमीटरला एक बुट्टी. शून्यावर पहिली, 0.9 वर शेवटची, म्हणजे दहा. एक मीटरवर पुढच्या तुकड्याची पहिली बसणार. मी साधा व्हाइल लूप लिहिला: दर फेरीला 0.1 मिळव, आकडा 1 पेक्षा लहान आहे तोवर चालू ठेव.

प्रिंट न तपासता दिली. कारागीर रात्रभर अड्ड्यावर बसले. सकाळी बघतो तर प्रत्येक जोडावर बुट्टीवर बुट्टी! सगळे जोड उसवावे लागले. त्यांना पैसे नगावर मिळतात, उसवण्याचे कोण देणार? मला मान वर करवेना.

झालं काय, तर आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, 0.333 करत कुठेतरी थांबावं लागतं. बायनरीत 0.1 चं तेच होतं. दहा वेळा मिळवल्यावर 1 येत नाही, 0.9999999999999999 येतं. ते 1 पेक्षा लहानच, म्हणून लूप अकराव्यांदा फिरला. नमपायचं अरेंजही असंच चकवतं: 1 पासून 1.3 च्या आधीपर्यंत, 0.1 च्या अंतराने मागा, 1.3 पण हातात येतो.

आता गंमत बघा. 1150 सालच्या 'लीलावती'त भास्कराचार्य अशा मालिकेला श्रेढी म्हणतात. पहिलं पद आदि, अंतर म्हणजे चय, किती पदं ते गच्छ. शेवटचं पद काढायला ते बेरजा करत बसत नाहीत. गच्छातून एक वजा करा, चयाने गुणा, आदि मिळवा. बस!

मी तेच केलं. 0 ते 9 पूर्णांक मोजले, प्रत्येकाला 10 ने भागलं. चूक राहिली तरी त्या एका आकड्यापुरती, पुढे साठत नाही. नमपायमध्ये लिनस्पेस आहे, त्याला अंतर नाही, संख्या सांगायची. फक्त ते शेवटचं टोकही धरतं, आपल्याला नको असेल तर एंडपॉइंट फॉल्स करा.

उसवण्याची मजुरी मी दोन हप्त्यांत दिली. नवा खाका चाचांनी आधी बोटाने मोजला, दोनदा.