काड्यांचा आणि नळीचा मेकॅनो

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आजच्या घडणीच्या ठोकळ्याचं पेटंट 1958 साली घेतलं. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात चपखल बसतो. पण खोका महाग! बारामती किंवा इंदापूरच्या बाजारात पंक्चरच्या दुकानातून त्याहून कितीतरी स्वस्त जोडखेळ उभा करता येतो.

त्याचे जनक अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीत नोकरीला होते. 1978 मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण उपक्रमात गेले आणि आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब सापडली. या बारीक रबरी नळीचे छोटे तुकडे करायचे, काडेपेटीतल्या काड्यांचा गूल खरवडायचा, आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांत काडी खुपसायची. झाला सांधा! तीन काड्या जोडायच्या असतील, तर नळीला भोक पाडायला बाभळीचा काटा कामाला येतो. इंदापूरच्या माळावर त्याला काय तोटा?

गंमत पुढे आहे. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो. त्रिकोण मात्र हलत नाही. साखर कारखान्याच्या शेडचं छप्पर, मोबाइलचा मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल, सगळीकडे त्रिकोण का दिसतात, हे पोराला न शिकवता कळतं.

गुप्तांचा हा नाद सुटला नाही. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ते मुलांसाठी खेळणी घडवत राहिले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नळी मागताना साध्या सायकलची मागा. गियरवाल्या बहुतेक सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये ती नसते.