जागा तिचीच होती

(मंडळीच्या वार्षिक सहभागिता सभेत केलेले भाषण)



तुमच्या प्रार्थनांमुळे आणि दानामुळे मेळघाटातल्या रुग्णांना मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याचे काम चालू आहे. त्याचा अहवाल तुम्ही दरवर्षी ऐकता. आज मी माझी एक चूक सांगायला उभी आहे.

चिखलदरा तालुक्यातली एक कोरकू आई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला रक्ताचा कॅन्सर असावा अशी शंका आल्याने डॉक्टरांनी मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात न्यायला सांगितले. मी सगळी तयारी केली. तपासणीचे कागद, आधार कार्ड, अंथरूण-पांघरूण, आणि अमरावती–मुंबई गाडीची स्लीपरची तीन तिकिटे. त्यांना 17 आणि 18 नंबरचे बर्थ मिळाले, एक खालचा आणि एक मधला. माझा 35, दोन कंपार्टमेंट पुढे, सर्वांत वरचा.

त्या बाईने तोवर परतवाड्याच्या पुढे पाऊल टाकले नव्हते. रेल्वेत ती पहिल्यांदाच बसत होती. मी नंबरावर बोट ठेवून म्हटले, "सतरा आणि अठरा, हे तुमचं." आणि दिवसभराची थकलेली मी वर जाऊन झोपले.

मध्यरात्रीच्या सुमारास भुसावळला गलक्याने जाग आली. बघायला गेले, तर मुलगा खालच्या बर्थवर झोपलेला आणि आई खाली जमिनीवर, दाराकडे जाणाऱ्यांचे पाय चुकवत, गुडघे पोटाशी घेऊन जागी बसलेली. तिच्या डोक्यावर 18 नंबरचा बर्थ पूर्ण रिकामा.

मी विचारले, "वर का नाही झोपलात?"

ती म्हणाली, "ताई, माही जागा तं त्यायनं वर टांगली."

मला समजायला थोडा वेळ लागला. दिवसा मधला बर्थ खाली असतो, तो पाठ टेकायची फळी असतो. रात्री दहानंतर ती फळी उचलून साखळ्यांना अडकवतात. समोरच्या प्रवाशाने आपला बर्थ लावला आणि मदत म्हणून तिच्या बाजूचाही लावून दिला. त्याने चांगलेच केले. पण तिला वाटले, आपली बसायची सोय संपली. लेकराला झोपू दिले हेच खूप, म्हणून ती मुकाट्याने खाली बसली. कुणाला विचारायचे, आणि कोणत्या भाषेत? कोरकू बोलणारे त्या डब्यात दुसरे कोणी नव्हते.

पुढचे ऐकून मला जास्त लाज वाटली. गाडीत संडास असतो हे तिला ठाऊक नव्हते. म्हणून अमरावती सोडल्यापासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. आणि डोळा लागला तर मुंबई मागे जाईल ही भीती होती. एसटीत कंडक्टर गावाचे नाव ओरडतो, इथे कोणीच ओरडत नव्हते.

मी तिला संडासापर्यंत नेले, कडी कशी लावायची ते दाखवले, पाणी दिले. मधल्या बर्थवर जायला ती तयार होईना, कारण तिथून मुलगा दिसत नाही. मग ती मुलाच्या पायाशी आडवी झाली आणि मी तिच्या जागी खाली बसले. "तुम्ही झोपा, मी जागी आहे," एवढेच म्हटले. मनमाड येण्याआधी ती गाढ झोपली. पहाटे दादरला मी उठवले, तेव्हाच उठली.

त्या रात्री मला मार्काच्या शुभवर्तमानातले वादळ आठवले. ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमाला असताना मी त्यावर निबंध लिहिला होता, लाटांवर आणि विश्वासावर. मार्क एक लहान गोष्टही सांगतो, ती मी कधी थांबून वाचली नव्हती. नावेत झोपलेल्या प्रभूच्या डोक्याखाली उशी होती. ती उशी कोणीतरी तिथे ठेवली असणार. आम्ही लोकांना "भिऊ नका" म्हणतो. पण उशी कोण ठेवतो?

कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. उरलेले पैसे तुम्ही देता. त्या रात्री पैसे कमी पडले नाहीत. तिकीट होते, जागाही होती, पण ती जागा तिची आहे हे तिला समजेल असे मी सांगितले नव्हते.

आता निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही केंद्रात दोन बाकांवर एक फळी टाकून रंगीत तालीम करतो. डब्याचा नंबर, बर्थचा नंबर, साखळी, संडासाची कडी, कल्याण गेले की सामान आवरायचे, सगळे कोरकूतून. आणि सोबतच्या कार्यकर्त्याचा बर्थ लांब आला, तर तो झोपण्याआधी दोनदा फेरी मारतो.

मुलाचे उपचार अजून चालू आहेत. प्रार्थनेत त्याला विसरू नका. त्याची आई आता ही वाट पाठ करून बसली आहे. मागच्या खेपेला आमच्याबरोबर एक नवी बाई होती. रात्री दहा वाजता फळी वर गेली, तशी ती दचकून उभी राहिली. मी माझ्या जागेवरून उतरेपर्यंत हिने तिचा हात धरला होता.

"थे फळी तुहीच हाय," ती म्हणत होती. "झोप आता. मी हावो जागी."

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.