शाळा घरी येते तेव्हा



माणिकपूरला आमच्या घरामागे एक केळीची वाडी आहे. आजूबाजूला इमारती उठल्या, तरी ती अजून तग धरून आहे. त्या वाडीतल्या घरी एक मुलगा आहे, अकरा वर्षांचा. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. हातपाय ताठरतात, बोलणं उमटत नाही. त्याचं नाव शाळेच्या पटावर आहे, पण शिकवायला एक बाई त्याच्या घरी येतात. सरकारी भाषेत याला ‘गृहाधारित शिक्षण’ म्हणतात.

पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. मूल जेवतं कधी, बसतं कशावर, हेच विचारत राहिल्या. आई म्हणाली, “टीचर, याला काय यायचंय? भरवायचं, कूस बदलायची, एवढंच माझ्या हाती.” बाई म्हणाल्या, “ताई, त्यातूनच शिकवायचं आहे.”

मग त्यांनी सुताराला सांगून त्याच्या मापाची खुर्ची करून घेतली. मी हसलो होतो. शिक्षणाचा आणि सुताराचा काय संबंध? पण पाय लोंबकळत राहिले, की मुलाचं सगळं बळ तोल सावरण्यात जातं, हाताला काही उरत नाही. पाय टेकले तेव्हा हात मोकळा झाला. पुढे दोन चित्रं समोर आली, एक पाण्याच्या पेल्याचं, एक केळ्याचं. हवं त्याकडे त्यानं बघायचं. हे जमायला दोन महिने लागले. तोपर्यंत ‘तहान लागली’ हे सांगायला त्याच्याकडे रडण्याखेरीज काही नव्हतं. शिक्षकमित्रहो, दोन महिन्यांत एक शब्द, हा हिशेब आपल्या परीक्षांत कुठे बसत नाही. पण तो मुलगा पहिल्यांदा मागायला शिकला.

असे फिरते विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडून येतात. गावं अनेक आणि माणसं थोडी, म्हणून बाई घरी थांबतात ते घटकाभर. खरा वर्ग त्या गेल्यावर भरतो. भरवताना चित्र दाखवणारी आई, फण्या मोजून दाखवणारी थोरली बहीण, हेच त्याचे रोजचे मास्तर.

आता कायद्याचं थोडं. शिक्षण हक्काचा कायदा 2009 सालचा, लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. 2012 च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. हक्क मुलाचा आहे, निवड त्याच्या बाजूची आहे. शाळेनं मुलाला घरी बसवावं, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. पण होतं काय? एका शाळेत आईबापांना सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे: “घरी शिकवायची सोय आहे ना, मग इथे कशाला आणता?” हा सवलतीचा उलटा अर्थ झाला.

आपल्याच पालघर जिल्ह्यात याहून निराळी वाट पाडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं आणि 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर अंगणात जाऊ, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरांमागे कुरणात, तर शाळाही कुरणात, ती कुरणशाळा. येत नाही म्हणून मुलाला दोष न देता शाळेनंच पाय उचलला. आमच्या वाडीतल्या बाई तेच करतात. फरक एवढाच, की कुरणात पोरांचा घोळका होता, या खुर्चीसमोर दुसरं मूल नाही. घरच्या शिक्षणातली ही उणीव मला फार मोठी वाटते. बाई कितीही चांगल्या असल्या, तरी भांडायला आणि खोडी काढायला सोबती लागतोच.

म्हणून त्या मुलाच्या वर्गशिक्षकांनी केलं ते सांगतो. दर शनिवारी वर्गातली दोन-तीन मुलं वाडीत जातात. महिन्यातून एकदा त्याला शाळेत आणतात. दाराशी दोन पायऱ्या आहेत, अजून उतार बांधलेला नाही, म्हणून चौघं खुर्ची उचलतात. हजेरीत त्याचं नाव आलं, की तो मान उजवीकडे वळवतो. गुरुजी तेवढं थांबतात आणि मग पुढचं नाव घेतात.

2022 मध्ये केंद्र सरकारनं पहिली ते पाचवीला अशा दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीला पंधरांमागे एक, असं प्रमाण ठरवलं. ते कागदावरून गावात उतरवायचं तर मुलांची नावं आधी नोंदली गेली पाहिजेत. घरात असं मूल असेल, तर पाहुण्यांपुढून लपवू नका. मुख्याध्यापकांना किंवा गटसाधन केंद्रात सांगा. वयाचा दाखला हाताशी नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तोंडी विचारून परत येऊ नका. अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या.