जमीन गेली की विहीरही जाते
(शहापूर तालुक्यातल्या पाड्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



बायांनो, बाप्यांनो, पोरांनो,

आम्हाला आज कायद्यावर बोलायला सांगितलंय. कायदा म्हटलं की आपली माणसं मान खाली घालतात. कायदा म्हणजे फॉरेस्टवाल्याची दंडाची पावती आणि पोलिसाची काठी, एवढंच आपण बघितलंय. पण काही कायदे आपल्या बाजूचेही आहेत. ते कपाटात पडून आहेत, कारण आपण ते मागत नाही. आज तीनच सांगतो. एक जमिनीचा, एक पाण्याचा, एक ग्रामसभेचा. कागदावर तिन्ही वेगळे आहेत. पण आपल्या पाड्यात ते एकाच जागी येऊन मिळतात, विहिरीवर.

आपला तालुका बघा. तानसा धरण १८९२ साली झालं. मग वैतरणा झालं, भातसा झालं. पाणी मुंबईला गेलं. आपल्या पाड्यांत मात्र मार्च लागला की हंडे रांगेत आणि टँकरची वाट. आता पाण्याच्या मागोमाग जमीनही निघालीय. नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं वाढताहेत. आत फार्महाऊस, बाहेर आपण वॉचमन.

जमीन जाते कशी? दलाल पहिल्या दिवशी जमीन मागत नाही. तो पोराच्या लग्नाला पैसे देतो, दवाखान्याला देतो. वहीत एक अंगठा घेतो. दुसऱ्या वर्षी स्टँपपेपर आणतो. कधी साठेकरार, कधी कुलमुखत्यारपत्र. कधी दुसऱ्याच आदिवासीचं नाव पुढे, आणि पैसा भलत्याचा.

आता कायदा ऐका. जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आहे. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बाकी सगळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी राज्य सरकारची मंजुरी. नुसत्या स्टँपपेपरवर जमीन जात नाही. विनापरवाना व्यवहार झाला असेल तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा अर्जावरून चौकशी करू शकतात.

त्याआधी गेलेल्या जमिनीसाठी वेगळा कायदा आहे, जमिनी परत देण्याचा, १९७४ चा. तो १ नोव्हेंबर १९७५ ला लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी त्यात येतात. जमीन स्वतः कसायची तयारी दाखवावी लागते. या कामात वकील उभा करता येत नाही. हा कायदा कोर्टात नेला गेला होता. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने कायदा बरोबर ठरवला. तेव्हा कुणी म्हणालं, ‘हा कायदा टिकत नाही,’ तर सांगा, टिकलाय.

आता पाणी. फार्महाऊसवाला आल्यावर पहिलं घर बांधत नाही. पहिली बोअरची गाडी आणतो. आमच्या पाड्याच्या वरच्या माळावर तेच झालं. बोअर खोल गेली, आमची विहीर वीस हात. पूर्वी होळीपर्यंत पाणी पुरायचं, आता संक्रांतीलाच बायांना तळातून वाटीने भरावं लागतं. म्हणजे जमीन एका घराने दिली आणि तहान सगळ्या पाड्याला लागली. म्हणून आम्ही म्हणतो, जमीन विकणं ही एका घराची खाजगी गोष्ट नाही.

यावर १९९३ चा भूजल कायदा होता, पिण्याच्या पाण्यासाठी केलेला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणता येत नव्हती. बोअरही त्यात आली. शंभर मीटरची दोरी घ्या, पाच वेळा टाका, आणि मोजलेलं अंतर कागदावर लिहून ठेवा. पण एक लक्षात ठेवा. तो कायदा सार्वजनिक विहिरीला धरत होता. ओहोळात आपण हाताने केलेला खड्डा त्यात बसेल असं धरून चालू नका. आधी पंचायतीत जाऊन बघा, आपल्या विहिरीची नोंद आहे का. नसेल तर ती मागा.

तिसरी गोष्ट ग्रामसभा. २४ डिसेंबर १९९६ ला अनुसूचित क्षेत्रासाठी पेसा कायदा झाला. आपला तालुका त्यात येतो. कायदा म्हणतो, वस्ती किंवा पाडा हेही गाव असू शकतं, आणि प्रत्येक गावाला ग्रामसभा. आदिवासीची जमीन जाण्यापासून थांबवायची आणि गेलेली परत मिळवायची ताकद ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यावी, असंही त्यात लिहिलंय. राज्याने १९९७ ला आपल्या ग्रामपंचायत कायद्यात बदल केला, पण नियम २०१४ पर्यंत केले नव्हते. सभा भरते बाजारगावात. आपण तीन मैल चालून पोचेपर्यंत ठराव लिहून झालेला असतो. म्हणून पहिली मागणी, आमच्या पाड्याची सभा आमच्या पाड्यात.

आता एक कडू बोलतो. माणूस हौसेने जमीन विकत नाही. दिवाळीनंतर घरात दाणा नसतो, वीटभट्टीची उचल अंगावर असते. त्याला नुसतं ‘विकू नको’ म्हणून चालणार नाही. पाड्याने सुगीत घरटी पायलीभर भात बाजूला काढून ठेवावं, अडीला द्यावं, सुगीला परत घ्यावं. आणि रोजगार हमी मागावी. नमुना चार भरायचा, पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता द्यावा लागतो. काम मागताना रस्त्याची खडी नका मागू, बंधारा मागा, बांधबंदिस्ती मागा. मजुरीही मिळेल आणि विहिरीला पाणीही लागेल.

जंगलाचंही तेच. साहेब म्हणतात, आदिवासी जंगल तोडतो. त्यांना उत्तर आपल्या वागण्यातूनच द्यायचं. विहिरीच्या वरच्या अंगाचं रान पाड्याने राखायचं, ओल्या झाडाला कुऱ्हाड नाही, असा नियम सभेत करायचा. मोडला तर दंड, मग तो पुढाऱ्याचा भाऊ का असेना. आपण आपला नियम पाळला, तरच दुसऱ्याला कायदा पाळ म्हणता येईल.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला सगळ्यांनी यायचं, बायांनी आधी, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर आहे. तीन ठराव मांडायचे. परवानगीशिवाय झालेल्या जमिनीच्या व्यवहारांची चौकशी व्हावी. विहिरीपासून ५०० मीटरच्या आतल्या बोअरची मोजणी व्हावी. पाड्याची वेगळी ग्रामसभा व्हावी. ठराव वहीत लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही-अंगठा करा. कोऱ्या पानावर अंगठा द्यायचा नाही. आणि नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तोवर सातबाऱ्याचे उतारे काढून ठेवा. तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. वाचता येत नसेल तर आमच्याकडे या. आम्ही बारावीपर्यंत शिकलो ते त्याचसाठी.

जिंदाबाद!