तारा कंपनीच्या, काळोख लोकांचा

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वीस लाखांहून अधिक माणसे अंधारात बसली होती. कामगारांचा संप नव्हता, इंधनाची टंचाई नव्हती, वीजकेंद्रेही बिघडलेली नव्हती. वीज तोडली होती ती 'पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक' या खासगी कंपनीने, आणि तीही समजून-उमजून. कोरडे, सोसाट्याचे वारे सुटणार आहेत, अशा वाऱ्यात कंपनीच्या तारांमुळे वणवा पेटू शकतो, म्हणून प्रवाहच बंद ठेवत आहोत, असा तिचा खुलासा होता. वणवा पेटला तर नुकसानभरपाई कंपनीला द्यावी लागते. दिवे गेल्यामुळे लोकांचे जे नुकसान होते ते सहसा लोकांनीच सोसायचे असते. निर्णयामागचा हिशेब समजायला एवढे पुरेसे आहे.

या हिशेबाला पूर्वइतिहास आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज हे डोंगरातले गाव जवळजवळ संपूर्ण जळाले. ८५ माणसे मृत्युमुखी पडली. उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावरील एक लोखंडी आकडा झिजून तुटला, तार निसटली आणि ठिणग्या पडल्या. ती वाहिनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी उभारलेली होती. महाराष्ट्रात 'आकडा' म्हटले की झोपडीतला वीजचोर आठवतो. हा आकडा मात्र कंपनीचा होता, आणि त्याच्या देखभालीचे पैसे ग्राहकांनी दरमहा बिलातून भरलेले होते. जून २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली सुमारे ३५ लाख डॉलर दंडाची. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही आणि तिच्या एकाही अधिकाऱ्याला घातले गेले नाही.

वाऱ्याच्या रात्री तारा बंद करणे मुळातच चूक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. झिजलेली तार चालू ठेवण्यापेक्षा ती बंद ठेवणे केव्हाही बरे. प्रश्न असा आहे की, तार झिजू कोणी दिली आणि अंधाराची किंमत कोण मोजतो? शिवाय अंधार सोसूनही सुरक्षितता मिळतेच असे नाही. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी सोनोमा परगण्यात घराघरांना वीज देणाऱ्या तारा बंद होत्या, पण वरची उच्चदाब वाहिनी चालू होती. अग्निशमन खात्याच्या तपासानुसार त्याच वाहिनीमुळे किंकेड वणवा पेटला. लोकांनी काळोखही सोसला आणि आगही.

एकदा बंद केलेली वीज वारा पडताच परतही येत नाही. शेकडो मैलांच्या तारा दिवसाउजेडी तपासाव्या लागतात, आणि त्यात वेळ जातो. डोंगरातल्या वस्त्यांत पाणी घरच्या विहिरीचे. पंप थांबला की नळ कोरडा. इन्सुलिन ठेवायचे ते फ्रिजमध्ये. ऑक्सिजन देणारे यंत्र, पाठीचा कणा दुखावलेल्याची विजेची चाकाची खुर्ची, ही सारी विजेवर. सॅन फ्रान्सिस्कोशेजारच्या मरीन परगण्यात निम्म्याहून अधिक मोबाइल मनोरे बंद पडले, म्हणजे मदत मागण्याची सोयही गेली. ज्यांची मजुरी रोजंदारीची, त्यांचा रोजही बुडाला.

येथे बाजार पुढे येतो आणि म्हणतो: घरी बॅटरी बसवा. छतावर सौर पॅनेल असले म्हणजे झाले, असा पुष्कळांचा समज होता. पण जाळ्यातली वीज गेली की साधी सौरयंत्रणा आपोआप बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. बॅटरी आणि घर जाळ्यापासून तोडणारा स्विच असेल तरच दिवा लागतो. प्रचलित घरगुती बॅटरीत साडेतेरा युनिट मावतात. ऑक्सिजनचे यंत्र सुमारे ३०० वॅटचे धरले तर दिवसाला सात युनिट तेच खाते; त्यात फ्रिज आणि पंप धरला तर दीड दिवसात बॅटरी संपते. आणि ती बसवायला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येतो. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने इन्व्हर्टर घेतले आणि भारनियमनाबद्दलचा त्याचा आवाज मंदावला, हे कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे. तेथेही तेच घडते. शिवाय तेथली चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात; घरमालकाच्या भिंतीवर बॅटरी कोण बसवणार?

राज्याच्या अनुदान योजनेची कथा बोलकी आहे. ग्राहकांच्या बिलांतून जमणाऱ्या पैशांतून बॅटरीला अनुदान मिळत असे. २०१७ मध्ये गरिबांसाठी वेगळी तरतूद झाली. पण अनुदान खर्चाच्या काही भागापुरतेच असल्याने उरलेले पैसे गरिबाकडे नव्हते, आणि ती रक्कम जवळजवळ पडून राहिली. काही तज्ज्ञांनी गरिबांना रस नाही असा निष्कर्ष काढला असता, तर नवल नव्हते. २०१९ मध्ये वणव्याच्या पट्ट्यातील गरीब व आजारी ग्राहकांसाठी दर युनिट क्षमतेस एक हजार डॉलर, म्हणजे जवळजवळ पूर्ण खर्च, देण्याचे ठरले. २०२० मध्ये अर्ज उघडताच अल्पावधीत निधी संपला.

मोठ्या जाळ्याला जोडलेल्या बॅटऱ्यांची प्रगती मात्र थक्क करणारी आहे. २०२० मध्ये राज्यात सुमारे ५०० मेगावॅट क्षमता होती. २०२४ मध्ये ती १०,००० च्या वर गेली. १६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी काही काळ बॅटरी हाच जाळ्याचा सर्वांत मोठा वीजस्रोत ठरला. दुपारचे ऊन रात्री वापरता येते, ही समाजवाद्यांनी स्वागत करावी अशीच गोष्ट आहे. परंतु वणव्याच्या रात्री हा साठा डोंगरातल्या गावाच्या उपयोगाचा नाही, कारण तोडलेल्या तारेच्या तो पलीकडे असतो. त्यातही बहुतेक साठा खासगी. मॉस लँडिंग येथील अशाच एका केंद्राला १६ जानेवारी २०२५ रोजी आग लागली, तेव्हा भोवतालच्या हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

तेव्हा साठा किती आहे एवढे विचारून भागत नाही. तो तारेच्या कोणत्या बाजूला आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे लागते. याचे उत्तर कॅलिफोर्नियातच एका आदिवासी जमातीने दिले आहे. हम्बोल्ट परगण्यातील ब्लू लेक रँचेरिया या जमातीने राज्याच्या ऊर्जा आयोगाचे ५० लाख डॉलर आणि स्वतःचे पैसे घालून, मोठ्या जाळ्यापासून सुटून चालू शकणारे छोटे जाळे २०१७ मध्ये उभे केले: सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि अडीअडचणीला जनित्र. ऑक्टोबर २०१९ मध्ये सारा परगणा अंधारात असताना जमातीचा पेट्रोल पंप चालू होता, दुकान उघडे होते, स्थानिक दैनिकाचे काम तिच्या हॉटेलातून झाले. यंत्रांवर जगणाऱ्या रुग्णांना परगण्याच्या आरोग्य खात्याने त्याच हॉटेलात हलवले. त्या एका दिवसात सुमारे दहा हजार लोकांनी या सोयींचा लाभ घेतला, असा अंदाज आहे. जमिनीवरून ज्यांना हुसकावले गेले, त्यांच्याच वंशजांनी परगण्याला उजेड दिला. २०२२ मध्ये त्याच परगण्यातील विमानतळावर असेच जाळे सुरू झाले. तेथील सौरकेंद्र व बॅटऱ्या सार्वजनिक संस्थेच्या मालकीच्या आहेत, तारा मात्र कंपनीच्याच.

तारांच्या मालकीचा प्रश्नही तेथे उपस्थित झालेला आहे. सॅक्रामेंटोच्या मतदारांनी १९२३ मध्ये सार्वजनिक वीजमंडळाच्या बाजूने कौल दिला. कंपनीने कज्जे चालवले आणि प्रत्यक्ष वीजपुरवठा हाती यायला १९४६ चा डिसेंबर उजाडला. त्या मंडळाचे क्षेत्र बहुतांशी मैदानी आहे, त्यामुळे वणव्याच्या बाबतीत त्याची तुलना सरळ होत नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या अंधारानंतर सॅन होजेच्या महापौरांनी कंपनीचे रूपांतर ग्राहकांच्या सहकारी संस्थेत करावे असा प्रस्ताव मांडला आणि वीसहून अधिक महापौरांनी त्यास पाठिंबा दिला. तो मागे पडला. सॅन फ्रान्सिस्को शहराने आपल्या हद्दीतील तारा अडीच अब्ज डॉलरना विकत मागितल्या. कंपनीने नकार दिला. मग शहराने २०२१ मध्ये राज्याच्या आयोगाकडे अर्ज करून, या तारांची रास्त किंमत तुम्हीच ठरवा, अशी मागणी केली.