लाकडी धडाचे जेट : व्हॅम्पायरची प्रमाणबद्ध प्रतिकृती

जेट विमानांच्या पहिल्या पिढीत लाकडालाही स्थान होते, याची कल्पना आज फारशी कोणाला नसते; मात्र ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीच्या ‘व्हॅम्पायर’ या लढाऊ विमानाची प्रतिकृती जोडायला घेणाऱ्याला हीच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. 20 सप्टेंबर 1943 रोजी हॅटफील्ड येथे या विमानाने पहिले उड्डाण केले. वैमानिक, तोफा आणि इंजिन यांना सामावून घेणारे त्याचे फुगीर, आखूड धड बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाच्या थराला दोन्ही अंगांनी प्लायवूड चिकटवून घडवलेले होते, तर पंख आणि शेपटाकडील भाग ॲल्युमिनियमचे होते. हे तंत्र कंपनीने ‘मॉस्किटो’ या विमानात आधीच सिद्ध केले होते. ‘मॉस्किटो’चे धड डावे आणि उजवे अशा दोन अर्ध्या भागांत साच्यावर बनवून मध्यरेषेवर जोडले जात असे. प्लास्टिकच्या संचातील धडही तसेच दोन अर्ध्या भागांत येते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

व्हॅम्पायरचा आकार प्रथमदर्शनी विचित्र वाटला तरी तो इंजिनाच्या गरजेतून आलेला आहे. फ्रँक हॅलफोर्ड यांनी रचलेल्या ‘गॉब्लिन’ या इंजिनात अपकेंद्री संपीडक होता, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या मध्याशी घेतलेली हवा कडेकडे फेकून तिच्यावर दाब निर्माण करण्याची योजना होती. अशा इंजिनाचा घेर मोठा होतो. गॉब्लिनचा व्यास सुमारे सव्वा मीटर होता, आणि धडाचा फुगीरपणा त्यातूनच आला. प्रारंभीच्या आवृत्तीचा प्रणोद, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारे बळ, अवघा 1,200 किलोग्रॅमच्या आसपास होता आणि झोताची नळी लांब ठेवल्यास त्यातलाही काही भाग वाया गेला असता. म्हणून धड आखूड ठेवून झोत मागे मोकळा सोडला गेला आणि शेपूट दोन स्वतंत्र दांड्यांवर तोलले गेले. तुटपुंज्या बळावर काढलेले इतके नितळ उत्तर विमानरचनेच्या इतिहासात क्वचितच सापडते.

प्रतिकृतींच्या जगात रूढ असलेले 1:72 हे प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातून आलेले आहे : मूळ वस्तूतील सहा फुटांसाठी प्रतिकृतीत एक इंच. 1930च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्स’च्या लाकडी संचांनी ते रुळवले आणि 1936 मध्ये आलेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’च्या प्लास्टिक संचांनी ते पुढे नेले. या प्रमाणाचा एक परिणाम कारागिराच्या हाताला सतत जाणवत राहतो : पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर प्रत्यक्षात ती 36 मिलिमीटर जाड असल्याचा आभास होतो, आणि 0.1 मिलिमीटरचा रंगाचा थर हा खऱ्या विमानावरील सात मिलिमीटरांच्या लेपाइतका ठरतो. कड कानशीने पातळ करणे आणि रंग विरळ करून अनेक हातांत देणे यांमागील कारण हेच होय.

पॉलिस्टायरीनचे सुटे भाग ज्या चौकटीला लागून येतात तिला ‘स्प्रू’ म्हणतात. साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेला तेलकट अंश रंग धरू देत नाही, म्हणून प्रथम चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्या लागतात. पुढे वापरला जाणारा पातळ द्रव हा रूढ अर्थाने गोंद नव्हे. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळून, द्रावक उडून गेल्यावर, एकजीव होतात. धडाचे दोन भाग कोरडे जुळवून धरून सांध्यावर ब्रशचे टोक टेकवले की द्रव आपोआप फटीत ओढला जातो. त्याच वेळी हलका दाब दिल्यास मऊ झालेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते, आणि ती पूर्ण वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासून काढली की सांधा बुजतो. उरलेल्या खाचेत लांबी भरून 400पासून 1000 क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने पुन्हा घासावे लागते.

येथेच मूळ विमानाच्या ज्ञानाची कसोटी लागते. धातूच्या विमानावर पत्रे जेथे भिडतात तेथे बारीक रेषा दिसतात, आणि प्रतिकृतिकार त्या हौसेने कोरून ठळक करतात. परंतु व्हॅम्पायरच्या लाकडी धडाला पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटांच्या ओळी नव्हत्या. त्यावर तोफांची व देखभालीची झाकणे होती, एवढेच. बाकीचा पृष्ठभाग सलग होता. त्यामुळे पंखांवरील रेषा जपायच्या आणि धड मात्र अंड्याच्या कवचासारखे गुळगुळीत करायचे, असे दुहेरी काम एकाच प्रतिकृतीवर करावे लागते. रुपेरी रंगातील व्हॅम्पायरवर उघड्या धातूची चकाकी आणणेही चुकीचेच, कारण लाकडावरची ती रुपेरी छटा रंगाची असते.

तोलाचा प्रश्नही रचनेतूनच उद्भवतो. विमानाला नाकाखाली एक आणि पंखांखाली दोन अशी तीन चाके आहेत. खऱ्या विमानात तोफा, दारूगोळा आणि वैमानिक यांचे वजन पुढे असते, तर पोकळ प्रतिकृतीत ते नसते आणि मागचे दांडे तिला शेपटावर बसवतात. म्हणून धड मिटण्यापूर्वी नाकात आणि वैमानिकाच्या जागेच्या तळाखाली शिशाचे छर्रे भरावे लागतात. ते पांढऱ्या गोंदात बसवल्यास कालांतराने शिसे गंजून फुगते आणि सांधे फुटतात, त्यामुळे इपॉक्सीच वापरणे श्रेयस्कर. दोन्ही दांडे समांतर बसवणे हा सर्वांत जोखमीचा टप्पा होय : सांधे ओले असतानाच शेपटाचा आडवा पंख त्यांच्यामध्ये घालावा, आणि आलेखकागदावर ठेवून वरून, बाजूने व मागून तपासावे.

भारतीय हवाई दलाला 1948 मध्ये मिळालेले पहिले जेट विमान व्हॅम्पायरच होते, आणि पुढे त्याची ‘एफ. बी. 52’ ही आवृत्ती बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात परवान्याने बांधली गेली. प्रतिकृतीसाठी आवृत्तींमधला भेद निर्णायक आहे, कारण आधीच्या ‘एफ. 3’चा पंखविस्तार 12.19 मीटर आणि टोके गोलाकार होती, तर ‘एफ. बी. 52’सारख्या बॉम्बहल्ल्यासाठी सुधारलेल्या आवृत्त्यांचा विस्तार 11.58 मीटर आणि टोके कापल्यासारखी होती. 1:72 मध्ये हा फरक आठ मिलिमीटरांहून अधिक भरतो. चिन्हांचेही तसेच आहे : स्वातंत्र्यानंतर 1950पर्यंत हवाई दलाच्या विमानांवर अशोकचक्राचे वर्तुळ होते, आणि त्यानंतर बाहेरून आत केशरी, पांढरा व हिरवा असे तिरंगी वर्तुळ आले. ही चिन्हे पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळतात. खरबरीत रंगावर ती लावल्यास खाली हवा अडकून पांढुरके डाग दिसतात, म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात द्यावा लागतो. आवृत्ती, पंखांची टोके आणि वर्तुळ यांचा मेळ केवळ खोक्यावरील चित्रावरून घालता येत नाही. त्यासाठी एक विशिष्ट विमान आणि त्याचे तारीख ज्ञात असलेले छायाचित्र पहिला भाग चौकटीतून कापण्याआधीच निश्चित करावे लागते.