डोके, ठोकळा आणि टोपी



गोदाकाठच्या या पटांगणावर आपण वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत थोर थोर विषय ऐकत आला आहात. आम्ही मात्र आज एक लाकडाचा ठोकळा घेऊन उभे आहोत. जुन्या नाशकातील एका वाड्याच्या माळ्यावर तो आम्हांला सापडला. घरातली मुले त्याच्यावर बदाम फोडीत असत. त्याचे खळगे अजून दिसतात. आकार मात्र माणसाच्या डोक्याचा: वर गोल, खाली लांबट, आणि बुडाशी कोरलेला आकडा २१॥. हा टोपीवाल्याचा ठोकळा होता. एवढे इंच घेर असलेली कितीतरी डोकी त्याने आपल्या अंगावर घेतली असतील.

अशा ठोकळ्याला जुन्या मराठीत ‘कालबूत’ म्हणत. जोडे शिवणाऱ्याच्या फर्म्यालाही हाच शब्द. मूळ फारसी शब्दाचा अर्थ देह. शब्द मोठा मार्मिक आहे. गिऱ्हाईक माप देऊन घरी जाते, पण त्याचा देह जणू कारागिरापाशी राहतो, आणि कारागीर त्या देहाला टोपी घालून पाहतो. (आपल्या भाषेत ‘टोपी घालणे’ याचा दुसराही अर्थ आहे, तो येथे अभिप्रेत नाही!)

फेल्टची टोपी या ठोकळ्यावर कशी घडते ते पाहण्यासारखे आहे. फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. आपण ज्याला नमदा म्हणतो, त्याच जातीचे ते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि ताणा-बाणा नसताना कापड तयार होते. या फेल्टचा शंकूसारखा पोकळ तुकडा वाफेवर धरला की तो मऊ पडतो. मग तो झटकन ठोकळ्यावर ओढायचा, माथ्यापासून खाली हाताने सुरकुत्या काढीत आणायचा, बुडाशी दोरीने करकचून बांधायचा आणि वाळू द्यायचा. वाफ आहे तोवर घाई आणि ओल आहे तोवर धीर, असा हा धंदा आहे. ओली टोपी काढली तर ती आकसते. ठोकळ्याला ओरखडा असेल तर तो टोपीवर उमटतो. आणि टोपी वर फुगीर, तोंडाशी अरुंद असेल तर ठोकळा बाहेर निघायचा कसा? त्यासाठी तो पाच-सहा तुकड्यांचा करतात. मधला तुकडा आधी ओढून काढला की बाकीचे सुटे होऊन निघतात.

आता आपल्या पगडीकडे वळू. पूर्वी माणूस आपले पागोटे रोज आपल्या हाताने बांधी. तेव्हा ज्याचे डोके तोच त्याचा ठोकळा. पुढे बांधून, शिवून तयार केलेली पगडी आली. ती बांधणारा पगडबंद हा स्वतंत्र कारागीर झाला. आपल्या जिल्ह्यातील निफाडला १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांची तसबीर पाहा, किंवा लोकमान्यांची पाहा. ती घडी रोज सकाळी आरशासमोर घातलेली नाही. ती एका कसबी माणसाची करामत आहे. या बदलात सोय झाली, डौल आला. पण एक गोष्ट गेली. डोके बांधण्याची विद्या घरातून निघून दुकानात गेली.

या डौलाची किंमत कुणी दिली, हेही सांगितले पाहिजे. युरोप-अमेरिकेत सशाच्या आणि बीव्हरच्या केसांचे उंची फेल्ट करताना पाऱ्याचा क्षार वापरीत. त्याच्या वाफेने कारागिरांचे हात थरथरत, वाचा अडखळे, बुद्धीवर परिणाम होई. इंग्रजीत टोपीवाल्याच्या वेडाची म्हण आहे, तिच्याशी या दुखण्याचा संबंध जोडला जातो. लोक म्हणीला हसत राहिले, आणि अमेरिकेत या कामातला पारा बंद व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. इतरांच्या डोक्याची शोभा करता करता स्वतःचे डोके गमावणारा हा माणूस आम्हांला विसरता येत नाही.

आमच्याकडे ठोकळ्याला खरे उत्तर दिले ते गांधी टोपीने. काका कालेलकरांनी गांधीजींचा विचार नोंदवून ठेवला आहे. काश्मिरी टोपीवरून त्यांना हा आकार सुचला. तिची घडी करून खिशात ठेवता येते. कापड थोडे लागते. आणि रंग पांढरा अशासाठी की मळ दिसावा आणि ती धुतली जावी. तिला वाफ नको, ठोकळा नको. घरची बाई सुईदोऱ्याने शिवू शकते. १९२० नंतर काही वर्षांतच ती गावोगाव पोचली याचे एक कारण हा साधेपणा आहे.

मग ठोकळा टाकून द्यावा काय? नाही. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आमच्या मनात एक शल्य आहे. आज पगडी दिसते ती बहुधा सत्काराच्या वेळी. पाहुण्यांचे डोके मोठे असले तर ती माथ्यावर डगमगते. लहान असले तर कानांवर उतरते. छायाचित्र निघाले की ती खाली ठेवली जाते. डोके मोजण्याचे कारणच उरले नाही! ज्या पगडीला कुणाच्याही डोक्यावर बसायचे आहे, ती कुणाच्याच डोक्यासाठी केलेली नसते. मागणी असूनही कसब कसे मरते ते असे.

म्हणून दोन साध्या विनंत्या. आपल्या माळ्यावर असा ठोकळा निघाला तर तो जळणात घालू नका. तो कुणाचा, कोणत्या गल्लीतला, आकडा कोणता, हे लिहून ठेवा. आणि एखाद्याचा सन्मान करणार असाल तर महिनाभर आधी त्याच्या डोक्याचे माप मागवा आणि ते कारागिराला द्या. पाहुण्याला आपले डोके कुणीतरी ध्यानात घेतले याचा आनंद होईल. कारागिराला आपल्या हाताचे चीज झाल्याचा.

ठोकळा डोक्यासाठी असतो, डोके ठोकळ्यासाठी नसते. रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी ऐकावे आणि आपल्या डोक्याने विचार करावा म्हणूनच. तेव्हा आमचे हे बोलणेही आपापल्या मापाने तपासून घ्यावे, जेथे सैल वाटेल तेथे टाका घालावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.